चंपाषष्ठीचं भरीत

आषाढात सोडलेलं वांगं रंभाबाई चंपाषष्ठीलाच तोंडात घालायच्या. खंडोबाला भरीत-रोडगा दाखवायचा, त्यातलं आधी दाराबाहेर कुत्र्याला ठेवायचं, मग घरानं जेवायचं. लेकाच्या, बिरप्पाच्या नोकरीपायी मंद्रूप सोडून सोलापुरात आल्या, तरी हे काही सुटलं नाही.

यंदा सूनच आडवी आली. हेमावतीनं मोबाईलवर पाहिलं होतं, की वांगं, टोमॅटो, बटाटा, मिरची ही सगळी एकाच कुळातली, पोटात विष बाळगणारी, गुडघे धरणारी. सासूचे गुडघे तर आधीच धरलेले. दिवाळीपासून रंभाबाईंच्या ताटात दुधी आणि दूध-भाकरी.

लेकाच्या मागं लागून त्या डॉक्टरांकडं गेल्या. हेमावती सोबत होतीच. डॉक्टर म्हणाले, हिरवा पडलेला, कोंब फुटलेला बटाटा तेवढा टाकून द्या. वांग्यात ते विष नावापुरतं असतं. खाऊन दुखणं वाढतंय असं दिसलं तर थांबा, नाहीतर खुशाल खा. रंभाबाईंना तिथंच भाजल्या लसणाचा वास आला.

रिक्षात हेमावती म्हणाली, "बाळंतिणीला चालतं का, ते इचारायचं ऱ्हायलं की, आत्या."

नात, ऋतुजा, अंगावर पीत होती ती दीड वर्षं रंभाबाईंनी हेमावतीला वांगं शिवू दिलं नव्हतं, लेकराला खरूज उठेल म्हणून. एकदा ही भरताच्या भगुण्याचं बूड बोटानं पुसून खाताना सापडली. तेव्हा त्यांनी पाव्हण्यांसमोर विचारलं होतं, मीठ बरोबर हाय का? पाव्हणे पोट धरून हसले होते. त्याही.

चंपाषष्ठीला सहा वांगी भाजली गेली. नैवेद्य झाला. पंगतीत रंभाबाईंपुढं दूध-भाकरी आली. त्यांनी लेकाकडं पाहिलं. ती तुझ्या भल्याचंच बघतीया, असं म्हणून त्यानं आणखी भरीत वाढून घेतलं.

हात धुवायचं निमित्त करून त्या बाहेर आल्या. कुत्रं रोडगा खाऊन गेलं होतं. भरीत पानावर तसंच. त्यालाही कुणीतरी मोबाईल दाखवला असावा. रंभाबाई कशाबशा खाली बसल्या, कडेचं थोडं बोटावर घेतलं आणि तोंडात घातलं.

"आत्या," मागून दारातून आवाज आला, "मीठ बरोबर हाय का?"

बोट तोंडातच राहिलं. मग त्यांनी ते नीट चोखलं.

"जरा कमी हाय," म्हणाल्या, आणि दुसरं बोट भरलं.