दिवसाला चार ग्लास

मी डॉक्टर नाही, शास्त्रज्ञ तर नाहीच नाही. मी शिवणकाम करते. सहा वर्षांपूर्वी माझी दोन्ही मूत्रपिंडं बसली, तेव्हापासून आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाते. या आजारावरच्या संशोधनाला पैसे देणारी एक संस्था आहे, तिच्या निवड समितीवर मी पेशंट म्हणून बसते. सहा तज्ज्ञ आणि सातवी मी. पेशंटने दहापैकी सहाच्या खाली गुण दिले की अर्ज बाद, असा नियमच आहे. म्हणजे मला काही शोभेची बाहुली म्हणून घेतलेलं नाही. तरी दोन वर्षं मी बाहुलीसारखीच वागले. सगळ्यांना सात. त्या शिकल्यासवरल्या लोकांत उगाच तोंड कोण उघडणार?

यंदा नव्या शास्त्रज्ञांच्या अर्जांत एक अर्ज तहानेवर होता. वाचता वाचता मी हातातली कात्री खाली ठेवली. आमच्या शरीरातून पाणी बाहेर पडत नाही, म्हणून मला दिवसाला एकच लिटर. चहा, दूध, गोळ्या गिळायचे घोट, सगळं त्यातच. सुया टोचतात त्याचं काही नाही हो, पण तहान सोसवत नाही. भांडी घासताना नळ सोडला तरी जीव तळमळतो. इतक्या वर्षांत या तहानेचं कुणालाच काही पडलेलं नव्हतं. या मुलाला ती काही जणांना इतरांपेक्षा जास्त का लागते, ते शोधायचं होतं.

"याला मी नऊ देणार," मी घरी जाहीर करून टाकलं.

"अगं, आधी त्याला बोलू तरी दे," नवरा म्हणाला.

मुलाखतीला आला तो तिशीतला, किरकोळ अंगाचा. बाहीचं बटण वेगळ्याच रंगाच्या दोऱ्याने लावलेलं. बोलला मात्र झकास. तज्ज्ञांनी आकड्यांवरून चांगलं धारेवर धरलं, पण पठ्ठ्या डगमगला नाही. मग त्याने पडद्यावर प्रयोग दाखवला. पेशंटने दोन आठवडे रोज चार वेळा एक ग्लास पाणी प्यायचं आणि आधी-नंतर आपल्या तहानेला दहापैकी गुण द्यायचे.

मनात हिशेब केला, पुन्हा केला. शेवटी माझी पाळी आली.

"ग्लास केवढा?"

"दोनशे मिली, काकू."

"म्हणजे आठशे झाले. उरलेल्या दोनशेत मी चहा पिऊ की गोळ्या गिळू?"

"नाही, हे नेहमीच्या पाण्याशिवाय..."

"मग तर बघायलाच नको! ते पाणी फुफ्फुसात साठेल आणि तुमचा पेशंट निघेल ॲम्ब्युलन्समधून."

सहाही तज्ज्ञांनी एकदम कागदात डोकी घातली. ते सगळे उंदरांवर काम करणारे. उंदीर कशाला तक्रार करतोय!

"अहो, मी साधा फ्रॉक बेतायचा तरी पोरीला समोर उभी करून माप घेते," मी म्हणाले. "तुम्ही कुणाला विचारलं होतं का?"

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. थापा मारता आल्या असत्या. तो म्हणाला, "नाही. एकाही पेशंटला विचारलं नाही. चुकलंच माझं."

तो बाहेर गेल्यावर अध्यक्षबाईंनी नियम सांगितला. मुलाखतीनंतर अर्जात बदल करता येत नाही. डॉक्टरेटनंतर पाच वर्षंच अर्ज करता येतो, आणि त्याचं हे पाचवं. "बाकी सगळ्यांचे आठ-नऊ आहेत, ताई. तुम्ही बघा."

मी चार दिले. माझ्या तहानेकडे बघणारा एकुलता एक माणूस, आणि त्याला मीच बाहेर काढलं. घरी आले आणि ढसाढसा रडले.

गुरुवारी डायलिसिसला सुया लावून पडले होते, तर दारात हा मुलगा उभा.

"भांडायला आलास का रे?"

"नाही काकू. विचारायला आलोय. आधीच यायला हवं होतं."

तो स्टुलावर बसला. सकाळी पहिला घोट कधी, जीभ कशी होते, स्वप्नात पाणी येतं का, असलं सगळं त्याने विचारलं. मला आजवर हे कुणीही विचारलेलं नव्हतं. तीन तास मी बोलत होते आणि तो लिहून घेत होता. मग मीच त्याला संस्थेची दुसरी योजना सांगितली. पैसे चौथा हिस्सा, पण वर्षांची अट नाही. अट एकच, अर्जावर पेशंटचीही सही हवी. ती मी करायची, तर मला समिती सोडावी लागणार होती. सोडायची ठरवली. तिथली बिस्किटं तशीही मला वर्ज्यच होती.

एवढ्यात सिस्टरने त्याला पाण्याचा ग्लास आणून दिला. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि तो मुकाट्याने खाली ठेवला.

"पी रे बाबा, तुझी मूत्रपिंडं धड आहेत."

"नको काकू, तुमच्यासमोर..."

"पी म्हणते ना!"

तो प्यायला. तळ दिसेपर्यंत माझी नजर ग्लासावरून हलली नाही. घसा नुसता सुकून गेला.

"आता लिही," मी म्हणाले. "समोरचा पाणी पिताना बघून तहान किती, ते. दहापैकी नऊ."