पडलेला स्वार

चाबकाची मूठ येरासिलच्या डाव्या भुवईवर बसली आणि तो खुर्चीसकट मागे कोसळला. टेबलावरचा चहा कळफलकावर सांडला. उठायला जावं तोवर त्या माणसाचा बूट त्याच्या बरगड्यांत बसला होता. श्वास अडकला, आणि घशातून जो आवाज निघाला तो आपलाच आहे हे येरासिलला खरं वाटेना.

"समोर ये म्हणाला होतास ना?" तो माणूस म्हणाला. "आलो."

येरासिलने त्याला जन्मात पाहिलं नव्हतं. पन्नाशीकडे झुकलेला, उन्हाने रापलेला, कपड्यांना घोड्याच्या घामाचा वास. अल्माटीतल्या या संगणक दुरुस्तीच्या दुकानात असलं गिऱ्हाईक कशाला येईल?

"आगा, कोण तुम्ही? काय पाहिजे?" वडीलधाऱ्याला म्हणायचं 'आगा' मार खातानाही तोंडात आलंच.

"तांबडा घोडा."

ते नाव येरासिलला चांगलंच ठाऊक होतं.

येरासिल आणि त्याचे मित्र मिळून कोकपारचा, म्हणजे घोड्यावरून बकऱ्याचं धड पळवायच्या सामन्याचा, खेळ बनवत होते, संगणकावरचा. फुकट, आणि आतली सगळी घडण उघडी. ज्याला वाटेल त्याने पाहावी, सुधारावी. त्याबद्दलच्या गप्पा चालत त्यांच्या स्वतःच्या इंटरनेटवरच्या छोट्याशा अड्ड्यावर. अड्ड्याचा सर्व्हर याच टेबलाखाली घुरघुरत असे. असे कितीतरी अड्डे जगभर एकमेकांना जोडलेले, सगळ्यांचा मिळून मालक असा कुणी नाही. मालक नाही त्यामुळे कुणाची भीडमुर्वतही नाही. या मंडळींच्या जिभेला हाड नव्हतंच. बोटांना तर त्याहून नव्हतं.

खेळातली सगळ्यांची लाडकी जागा म्हणजे स्वाराचं पडणं. बकऱ्याच्या धडासाठी झोंबाझोंबी चाललेली, घोडे छातीने एकमेकांवर आदळतायत, आणि एक स्वार खोगिरावरून निसटतो. डावा हात आयाळ शोधतो, सापडत नाही. चाबूक दातांत धरलेला, तो तसाच. मग तो खाली जातो आणि वरून खूर पडतात. हाडं मोडल्याचा आवाज येरासिलने गाजरं मोडून भरला होता आणि त्याचा त्याला अभिमान होता. तेवढाच तुकडा कापून लोकांनी सगळीकडे फिरवला, खाली हसरे चेहरे लावून.

'ते पडणं काढून टाका,' असं तांबडा घोडा नावाच्या कुणीतरी लिहिलं. कारण दिलं नाही.

'आजोबा, तुम्ही पत्ते खेळा,' एकाने लिहिलं.

'खुरांना उशा बांधू का?' दुसऱ्याने.

त्याने पुन्हा तेच लिहिलं. मग आणखी एकदा. येरासिलने या मंडळींचं ठरलेलं उत्तर दिलं: 'सगळं उघडं आहे. पटत नसेल तर प्रत घ्या, वेगळा खेळ काढा.' पण तेवढ्यावर थांबला तर तो येरासिल कसला. 'नाहीतर हिंमत असेल तर समोर या,' आणि खाली दुकानाचा पत्ता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आता त्या माणसाने त्याची गचांडी धरून त्याला भिंतीशी उभं केलं होतं.

"ते कुठून उचललंस?"

"काय?"

ठोसा तोंडावर बसला. ओठ फाटला, पुढचा एक दात हलला.

"ते पडणं. कुठून उचललंस?"

"व्हिडिओ होता... तराझकडच्या कुठल्यातरी सामन्याचा. कुणीतरी टाकलेला. मी थांबवून थांबवून बघितला, तशी हालचाल बसवली."

"मग पुढे काय झालं?"

"कशाचं?"

"अरे, त्या स्वाराचं!"

व्हिडिओ तिथेच तुटत होता. बोटं कशी उघडतात, डोक्यावरच्या टोपीचा पट्टा कधी सुटतो, मान कुठे वळते, सगळं त्याला तोंडपाठ होतं. तो माणूस नंतर उठला का, हे मात्र त्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

"बेकझात," तो माणूस म्हणाला. "माझा धाकटा भाऊ. उलटा केला तेव्हा चाबूक दातांतच होता. आंघोळ घालायच्या आधी दातखीळ मी सोडवली. सुरी घालून."

येरासिलने तोंडातलं रक्त गिळलं. मेल्याच्या नातलगाला पहिल्यांदा भेटताना, कितीही वर्षं उलटलेली असोत, जे बोलायचं असतं ते तो बोलला.

"ईमान त्याच्या सोबत राहो, आगा."

"आत्ता आठवलं?"

या वेळचा फटका कानावर आला. मग तो माणूस वळला आणि त्याने टेबलावरच्या संगणकाचा पडदा चाबकाच्या मुठीने फोडला. टेबलाखालचा सर्व्हर ओढून बाहेर काढला, टाचेने तुडवला, उचलून भिंतीवर आपटला, पुन्हा तुडवला. घुरघुर थांबली. पत्र्याच्या कडेने त्याचाच तळहात कापला आणि रक्त मनगटावरून बाहीत उतरलं.

"संपलं?" त्याने धापा टाकत विचारलं.

"नाही, आगा." येरासिलला खोटं बोलता आलं असतं, पण त्याची हिंमत झाली नाही. "ज्याने ज्याने खेळ घेतला त्याच्याकडे प्रत आहे. मला मारून टाकलंत तरी त्या परत येत नाहीत."

"म्हणजे बेकझात सगळीकडे पडतोच आहे."

येरासिलला स्वतःची लाज वाटली, आणि मारापेक्षा ती जास्त झोंबली.

"नवी आवृत्ती काढतो," तो शेवटी म्हणाला. "त्यातून पडणं काढून टाकतो. बहुतेक लोक नवीच घेतात."

"काढलंस म्हणजे तो तिथे नसेलच."

"नसेल."

तो माणूस उलट्या पडलेल्या खुर्चीवर टेकला. रक्ताळलेल्या हाताने चाबूक पुसत बसला.

"पडल्यावर त्याला उठवता येईल?"

"येईल. पण उठतानाचं माझ्याकडे काहीच नाही. कसा उठायचा तो?"

त्या माणसाने चाबूक दातांत धरला आणि काचांचा चुरा तसाच असताना फरशीवर आडवा झाला. येरासिलने खिशातून फोन काढला. डावा डोळा मिटूनच गेला होता; उजव्याने बघत त्याने चित्रण सुरू केलं.

तो माणूस उठला. गुडघा टेकला, मांडीवर थाप मारली, दातांतला चाबूक काढला, बाजूला थुंकला आणि समोर नसलेल्या घोड्याला आईवरून शिवी हासडली. असं उठताना तो हसत होता. उभा राहिल्यावर मात्र त्याला भिंत धरावी लागली.

येरासिलचा अड्डा मोडला होता, तरी मित्राच्या अड्ड्यावर मंडळी केव्हाच जमली होती. नवी आवृत्ती निघाली तशी ओरड सुरू झाली.

'चूक सापडली. पडलेला स्वार उठतो, थुंकतो आणि सामना सोडून चालता होतो.'

'घोडा पण त्याच्या मागे जातो. काय रे हे?'

'हाडांचा आवाज कुठे गेला? जुनं परत आणा.'

'चूक नाही,' येरासिलने लिहिलं. 'पटत नसेल तर प्रत घ्या, वेगळा खेळ काढा.'

त्याखाली बरीच बाचाबाची झाली. एकदोघांनी खरंच वेगळा खेळ काढायची धमकी दिली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या खाली तांबड्या घोड्याने एक ओळ लिहिली होती.

'उजवा गुडघा आधी. तुम्ही डावा घेतलाय.'

येरासिलने फोनमधलं चित्रण काढून पुन्हा पाहिलं. उजवाच होता. हलता दात जिभेने दाबत तो दुरुस्तीला बसला.