काशीरामचा पाय

फुटबॉल खेळून पगार मिळतो, हे एकोणीसशे सत्तावन्न साली आमच्या मालवणात कुणालाच पटत नव्हतं. मुंबईच्या कापडगिरणीच्या कागदावर मी कारकून होतो, प्रत्यक्षात तिच्या टीमचा राईट बॅक, म्हणजे उजवी बाजू राखणारा. वय एकवीस. आणि मुंबईतल्या पहिल्याच हंगामात मी एका माणसाचा पाय मोडून घरी आलो होतो.

तो माणूस म्हणजे काशीराम, दुसऱ्या गिरणीचा लेफ्ट आऊट, माझ्याच बाजूने चढाई करणारा. आमच्याच किनाऱ्यावरचा, मिठबावचा. मॅचआधी आमच्या मॅनेजरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं की बॉल गेला तरी चालेल, हा माणूस जाता कामा नये. माझी नोकरी तेव्हा कच्ची होती. तिसऱ्यांदा तो मला चकवून निघाला, तेव्हा मी बॉलकडे बघितलंच नाही. हाडाचा आवाज मला ऐकू आला. रेफ्रीला काही दिसलं नाही. मॅनेजरांनी पाठ थोपटून नोकरी पक्की केली. सगळे म्हणाले, अपघात. मीही म्हणालो, अपघात.

हंगाम संपवून बोटीने मालवणला उतरलो तर कळलं, काशीरामही पायाला प्लास्टर घालून गावी आलाय. झालं. मी घराबाहेर पडेना. मिठबावची होडी बंदराला लागली की मी माजघरात शिरायचो, कारण काशीरामला चार चुलते होते, आणि चौघेही रापणीचे, किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचे, दोर ओढून दगडासारखे झालेले. खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

माझ्या आईला, यमुनाबाईला, अपघात एवढंच माहीत होतं. चार दिवस तिने माझं घरकोंबडेपण सोसलं. पाचव्या दिवशी मासळीची पाटी उतरवून ती म्हणाली, "थोबाड लपवन किती दिस बसतलंस? चल, मिठबावाक जावया." बाजारात तिच्याशी भांडून कोणी जिंकलं नव्हतं, तर मी कुठला जिंकणार?

गोड खाज्याचा पुडा घेऊन आम्ही काकाच्या होडीने निघालो. वाटेत मी ठरवलं, काशीरामला खरं सांगून टाकायचं. त्याशिवाय मला झोप येणार नव्हती. पण मिठबावचे माड दिसू लागले तसे मला ते चार चुलते आठवले.

खळ्यात, घरापुढच्या अंगणात, चौघे चुलते जाळं विणत बसले होते. काशीरामच्या आईने गूळपाणी दिलं आणि माझ्या आईला आत नेलं. मी एकटा ओटीवर काशीरामच्या खाटेपाशी उरलो. त्याचा पाय उशीवर ठेवलेला होता. मी त्याच्याकडे सोडून सगळीकडे बघत होतो.

"एक विचारतंय," तो हळूच म्हणाला. "बॉलार इलंस की पायार?"

खरं जिभेवर आलं होतं, देवाशपथ आलं होतं. तेवढ्यात खळ्यात एका चुलत्याने दोर तोडायला कोयती उचलली.

"बॉलार," मी म्हणालो.

काशीरामने डोळे मिटून मोठा श्वास सोडला. "मगे बरा. मुद्दाम पाय मोडलेलो असतो, तर परत मैदानात उतराचो धीर माका झालो नसतो. आता खेळतलंय." आणि त्याने हसून माझा हात धरला. त्या हाताचा मला चटका बसला. तरी मी तो सोडवला नाही, आणि खरं काही बोललो नाही. असा मी भेकड.

पुढच्या हंगामात तो खरंच परत आला. त्याच मैदानावर मॅनेजरांनी पुन्हा मला बाजूला घेऊन तेच बजावलं. काशीराम बॉल घेऊन सरळ माझ्या अंगावर आला, त्याच पायावर भार टाकत, जराही न बिचकता. माझं खोटं खरं मानून तो निर्धास्त धावत होता, आणि या वेळीही मी बॉलकडे नाही, त्या पायाकडेच बघत होतो.

बॅकने आडवं जायचं असतं. मी त्याला वाट दिली.