एकशे चाळीस पावलं

सतीशने आपल्या थोरल्या भावाशी, इंद्रभानशी, बोलणं सोडलं. आता हे वाक्य विसरायचं, कारण असं काही झालेलंच नाही. किन्हीराजात कुणीही विचारलं तर इंद्रभान सांगतो, "सतीशचा घसा बसला हाय." याला पाच महिने झाले. घसा बसून बसून किती बसणार, हे विचारण्याइतकं गाव निर्दय नाही.

तर भावाभावांचं उत्तम चाललं होतं, तेव्हाची गोष्ट.

बाबांनी मरणाच्या आदल्या साली वावर वाटलं. सरकारी मोजणी त्यांना मंजूर नव्हती. बांधावर खाट टाकून ते बसले आणि म्हणाले, "इंद्रभान, तू इथून चाल. एकशे चाळीस पावलं तुही, उरन ते सतीशचं." सतीशकडे विहीर येत होती म्हणून जमीन जरा कमी. किती कमी, हा हिशेब बाबांच्या डोक्यात होता आणि तो त्यांच्यासोबतच गेला.

इंद्रभानचा डावा खुबा तेव्हाच झिजलेला होता. डावा पाय टेकला न टेकला की तो घाईने उजवा टाकायचा. ते पाऊल पडायचं जेमतेम वीतभर, आणि धड डावीकडे असं कलायचं, जसं कुणी त्या बाजूने सदरा ओढून धरलाय. कण्हत, घाम पुसत त्याने एकशे चाळीस मोजली. तिथे सतीशने दगड रोवला आणि त्या रेषेवर धुरा, म्हणजे मातीचा बांध, घातला. सातबारा दोघांच्या नावाने एकत्रच राहिला. कागद कशाला हवा होता? पाय होता.

मागच्या साली अकोल्याला इंद्रभानचं ऑपरेशन झालं. झिजलेला सांधा काढून नवा बसवला. तिथल्या फिजिओथेरपीच्या पौर्णिमा मॅडमनी त्याला पुन्हा चालायला शिकवलं. "काका, डाव्या पायावर भरवसा ठेवा. आधी तो पूर्ण टेका, मग उजवा उचला." चौसष्टाव्या वर्षी माणूस आपल्याच पायावर भरवसा ठेवायला शिकला. आधी वॉकर, मग काठी, मग नुसता. धड सरळ झालं, पाऊल लांबलं. बायको पंचफुला म्हणाली, "तुमी दारातून आले का मले वाटते, तलाठीच आला."

यंदाच्या उन्हाळ्यात पाइपलाइनच्या जेसीबीने दगडासकट धुरा सपाट केला. चिंता कुणालाच नव्हती. सतीश म्हणाला, "त्यात का हाय? भाऊ चालतीन."

भाऊ चालला.

शंभराच्या आसपास धुऱ्याची जागा मागे पडल्याचं त्याला कळायला हवं होतं. कळलं नाही, कारण अकरा वर्षांत पहिल्यांदा तो आपल्या वावरातून न दुखता चालत होता. पायाखाली ढेकळं फुटत होती. तो मोजत होता आणि हसत होता. एकशे चाळीस झाली तेव्हा तो सतीशच्या भेंडीत, मोटारीच्या खोलीला टेकून उभा होता. आणखी दहा पावलं असती तर मोजणी विहिरीत पडून आपोआप संपली असती.

सतीशने भावाच्या पायाखाली आलेलं भेंडीचं रोप सरळ केलं. मग म्हणाला, "बाबासमोर कण्हत मोजलं होतं तुमी. आज माह्या वाट्यातून हासत आले."

"अरे पाऊल लांबलं ना माह्यं! तुले वाटते तिथं ठेव दगड."

"मले दान नोको भाऊ. बाबानं देल्लं तेच पाह्यजे. इंचभर जास्त नोको."

मग इंद्रभान अंगणात लंगडण्याचा सराव करू लागला. ती चाल पंचफुलाइतकी कुणी पाहिली नव्हती, म्हणून ती ओट्यावर बसून शिकवायची.

"अवो, खांदा अजून पाडा. अन् तोंड असं नाई, पयले तुमी दात आवळून राहात."

"आवळूनच राह्यलो ना!"

"उगीच आवळता. दुखते थोडंच."

एवढं बोलून तिने पदर डोळ्यांना लावला. ही चाल जावी म्हणून तीच त्याला धरून धरून अकोल्याला घेऊन गेली होती.

शेवटी त्याने मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, "काका, लंगडणं शिकवता येत नाही. ते दुखणं करवून घेतं."

तरी तो सतीशला घेऊन वावरात गेला. तीनदा लंगडत मोजलं आणि तीनदा तीन जागी पोचला. चौथ्यांदा निघाला तेव्हा सतीशने हात आडवा घातला.

"बस करा भाऊ. बाबाच्या मापाचं सोंग नोका करू." आणि तो वळून निघून गेला. त्यानंतर बोलला नाही.

इंद्रभान संध्याकाळपर्यंत बांधावर बसून राहिला. बाबांची खाट जिथे होती, ती जागा तरी त्याला नक्की ठाऊक होती. दुसऱ्या दिवशी त्याने वहीचं पान फाडलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं:

"मा. वैद्यकीय अधीक्षक साहेब यांसी, सविनय सादर. आपण केलेल्या ऑपरेशनबाबत माझी कोणतीही तक्रार नाही. चाल उत्तम आहे, हीच अडचण आहे. माझ्या वडिलांनी दिलेले माप माझ्या जुन्या खुब्यात होते व तो आपल्याकडे राहिला आहे. सबब, सदर डावा खुबा एका दिवसाकरिता, सर्व दुखण्यासह, परत बसवून मिळावा, ही नम्र विनंती."