बिशप मलडूनचा चमत्कार आणि आमची सुप्रभा

मेलेल्या माणसाला संत ठरवायचं तर रोमला पुरावा द्यावा लागतो, हे ग्लासगोत इतकी वर्षं काढून मला अलीकडेच कळलं. पुरावा म्हणजे चमत्कार. आणि चमत्कार झाला हे सांगायला डॉक्टर लागतो, शक्यतो त्यांच्या धर्माबाहेरचा, म्हणजे वशिल्याचा संशय नको. बिशप मलडूनच्या बाबतीत हा मान माझ्या बायकोला, डॉक्टर सुप्रभाला मिळाला.

बिशप जाऊन दीडशे वर्षं झाली. गिरणीत राबणाऱ्या आयरिश मजुरांना तो दर रविवारी सांगायचा, की मालकाविरुद्ध संप करणं पाप आहे. मालकांनी खूश होऊन त्याला चर्च बांधून दिलं. आता तो आमच्या कौन्सिलर गॅलाहरला संत म्हणून हवा होता. संत झाला की यात्रेकरू येणार, हॉटेलं उघडणार, आणि निवडणूक तर तोंडावर आलेली. काही माणसं मेल्यावरही सत्तेच्या उपयोगी पडत राहतात.

चमत्कार झाला तो आमच्या शेजारणीवर, मॉयरावर. तीन वर्षांपूर्वी तिचं लिव्हर निकामी झालं. ती सुप्रभाच्याच वॉर्डात होती. सुप्रभाने तिच्या मुलांना बोलावून शेवटचं भेटून घ्या म्हणून सांगितलं. चर्चमधल्या बायकांनी बिशपचा धावा केला, आणि मॉयरा आठवड्यात उठून बसली. नवऱ्यामागे एकट्या राहणाऱ्या या बाईकडे पूर्वी कुणी ढुंकून पाहत नव्हतं. आता लोक तिचा हात हातात घ्यायला थांबत होते, आणि रोमला संतपदाच्या सोहळ्यात पहिल्या रांगेत तिची खुर्ची ठरली होती.

साक्षीला जाताना गाडीत सुप्रभा एकदम म्हणाली, "शशी, ते शपथेवर विचारणार, बिशपशिवाय आणखी कुणाला साकडं घातलं होतं का. घातलं असेल तर केस खलास. क्रेडिट कुणाचं, ते प्रूव्ह होत नाही ना."

मी म्हटलं, त्याच्याशी तुझा काय संबंध?

"मी गणपतीला नवस बोलले होते."

लाल सिग्नलला मी कसाबसा ब्रेक दाबला. ही बाई लग्न झाल्यापासून माझ्या पूजेची टर उडवत आलेली. देव बीव काही नसतं, हे तिनं मला जेवताना, झोपताना, आरतीच्या मध्ये ऐकवलेलं. मी म्हटलं, सांगू नकोस, कुणाला कळणार आहे? तर शपथेवर खोटं बोलणार नाही म्हणाली, आणि रडायलाच लागली. तिची हॉस्पिटलची ड्यूटी चालू असताना आमची मुलगी तनू मॉयराच्या स्वयंपाकघरात वाढली. त्याच मॉयराचं आयुष्यातलं एकमेव मोठेपण आता आपण काढून घेणार, हे तिला सोसत नव्हतं.

साक्ष गुप्त असते म्हणे. पण गॅलाहर आत बसला होता, म्हणून मीही घुसलो. रोमहून आलेल्या फादर रिनाल्डींनी आधी आजाराचं विचारलं. सुप्रभाने सांगितलं, बाई बरी कशी झाली याला वैद्यकशास्त्रात उत्तर नाही. मग तो प्रश्न आला, आणि तिनं नवसाचं सांगून टाकलं. गॅलाहरचा चेहरा पांढराफटक पडला.

रिनाल्डी मात्र समजूतदारपणे हसले. "काळजी करू नका, डॉक्टर. आम्हाला अडचण दुसऱ्या संताची असते. जो अस्तित्वातच नाही, तो मध्ये कसा येईल?"

झालं, सुटलो असं मला वाटलं. सुप्रभाचं शपथेचं सत्य सांगून झालं होतं आणि मॉयराचा संतही शाबूत होता. फक्त सही करायची होती. सुप्रभाने पेन खाली ठेवलं. ती लालबुंद झाली होती.

"मग मी सही करत नाही," ती म्हणाली. "माझा देव नाही, हे मी म्हणेन. तुम्ही नाही."

मला तिचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता. गॅलाहर धावत बाहेर गेला आणि आपल्या साक्षीची वाट बघत बसलेल्या मॉयराला घेऊन आला. मैत्रीण समजूत घालेल, असा त्याचा हिशेब. मॉयराने सगळं ऐकून घेतलं आणि सुप्रभाला विचारलं, नवस काय बोलली होतीस?

"तू वाचलीस तर चहा सोडेन म्हणून."

चहा सोडला तेव्हा मला तिनं अ‍ॅसिडिटी सांगितली होती आणि मी मुकाट्यानं विश्वास ठेवला होता. मॉयरा मात्र खुर्चीत बसली.

"तीन वर्षं तू माझ्याकडचा चहा नाकारतेयस," ती म्हणाली. "मला वाटायचं, बिशपनं मला बरं केलं आणि तुझी औषधं हरली, म्हणून तू रुसलीस." बराच वेळ ती डोळे पुसत राहिली. मग रिनाल्डींकडे वळली. "फादर, बिशपनं माझ्यासाठी काय सोडलं?"

रिनाल्डींनी स्वर्ग, कृपा वगैरे सुरू केलं, पण तोवर मॉयरा कोटाची बटणं लावत होती. माझी साक्ष नको, असं सांगून तिनं सुप्रभाचा दंड धरला आणि दोघी निघाल्या. गॅलाहर पक्का राजकारणी. आम्ही दारातून बाहेर पडेपर्यंत तो फादरला विचारत होता, या डॉक्टरबाई कॅथलिक झाल्या तर संत म्हणून चालतील का.