अर्धी कातरलेली मेंढी

अंगणात लोकर कातरायचं काम जोरात चाललं होतं आणि कातऱ्या ओसरीवर खाटेत पडून होता. गावात त्याला याच नावानं हाक मारायचे. त्याच्या हाताखालून निघालेल्या मेंढीच्या अंगावर एकही ओरखडा सापडायचा नाही. पण हे आजाराआधीचं. मग पोटातली गाठ निघाली, शिरेतून द्यायची औषधं झाली, डॉक्टर म्हणाले कॅन्सर आटोक्यात आहे. थकवा मात्र हलायला तयार नव्हता. झोपून उठला की झोपण्याआधीपेक्षा जास्त दमलेला. भिजलेल्या लोकरीचं गाठोडं कुणीतरी छातीवर टाकून निघून गेल्यासारखं वाटायचं.

त्यात भेटायला येणारी माणसं. त्याला सोबत व्हावी म्हणून घरच्यांनी खाट ओसरीवर आणली, तिथंच चुकलं. येणारा-जाणारा पायरीवर टेकायचा. शेजारीण नाकाला पदर लावून बसायची आणि वर विचारायची, औषधाचा वास अजून येतो का हो. चुलता तर रोजचाच. चहाचे भुरके मारत ओळखीतलं कोण कसं कुजून मेलं ते सांगायचा, आवाज पाडून, पण चवीनं. तो उठून गेला की पायरीखाली त्याची पिंक. कातऱ्याला शिसारी यायची. त्या पिंकेची, भुरक्यांची, त्या सुस्काऱ्यांची. त्याहून जास्त स्वतःची, कारण सगळ्यांसमोर तो मान हलवत पडून राहायचा. पाण्याचा पेला उचलायला गेला तर थोरला मुलगा हातातून काढून घ्यायचा. म्हणायचा, आबा, तुम्ही कशाला.

इस्पितळात एक बाई होती, पेशंटांना गोल बसवून बोलतं करणारी. कातऱ्याला आधी तिचाही राग यायचा, गोड बोलते म्हणून. एकदा मात्र तो तिथं बोलून गेला, की मला माझ्या हातांची घाण वाटते, मेल्या उंदरासारखे पडलेले असतात. कुणी सुस्कारा सोडला नाही. शेजारी बसलेला एक सुतार एवढंच म्हणाला, माझेही. त्या दिवशी घरी येताना कातऱ्याला जरा हलकं वाटलं होतं. बाईनं त्याला आणि त्याच्या बायकोला समजावलं, हा थकवा म्हणजे आळस नाही आणि नुसतं पडून राहून जाणाराही नाही. असेल तेवढं बळ आपल्या आवडीच्या कामाला राखायचं, नको त्या माणसांवर उधळायचं नाही. आणि दम संपायच्या आधी थांबायचं.

ते शेवटचं कातऱ्याच्या गळी उतरलं नव्हतं. त्यांच्या धंद्यात मेंढी एकदा गुडघ्याखाली घेतली की पुरी कातरूनच सोडायची. अर्धी सोडणारा कातरणारा नव्हेच.

अंगणात त्याच्या जागी कातरायला बसलेल्या मेहुण्याची कातर मेंढीच्या कातडीला लागली आणि रक्त आलं. ते बघून कातऱ्या उठून बसला. बायकोला म्हणाला, "माझी म्हातारी मेंढी आण."

तिनं मेंढी आणली. तेवढ्यात चुलता पायरी चढत होता. त्याला तिनं दारातच सांगितलं, आज भेट नाही. तो पायरीवरूनच मागं फिरला.

कातऱ्यानं मेंढी आडवी केली. लोकरीत शेण वाळून कडक झालं होतं, आतून कोमट तेलकट वास आला. एवढ्या दिवसांत ज्यानं त्याला मळमळलं नाही असा तो पहिला वास. कातर पोटापासून पाठीकडे सरकू लागली. हातांना सगळं आठवत होतं. एक बाजू झाली. मेंढी उलटवायला गेला आणि श्वास आखूड झाला. हात अजून स्थिर होते. अजून ओढता आलं असतं.

त्यानं गुडघा काढून घेतला.

मेंढी उठली. एकीकडे गुळगुळीत, दुसरीकडे लोंबत्या मळक्या जटा. तशीच फाटकातून गल्लीत गेली आणि सारी गल्ली हसायला लागली. मेहुण्यानं कपाळाला हात लावला. म्हणाला, "दाजी, खुळे झालात का? आपल्या धंद्याची लाज काढलीत."

थोरल्यानं मेंढी कानाला धरून परत आणली आणि खाली मान घालून कातर उचलली. उरलेली बाजू उरकून टाकायची आणि विषय मिटवायचा.

"हात लावू नकोस," कातऱ्या म्हणाला.

"आबा, लोक हसतायत."

"हसू दे. इतके दिवस रडायला येत होते. आज तू तिला पुरी केलीस ना, तर मी या खाटेवरून पुन्हा उठायचा नाही. उरलेली उद्या मी करीन."

थोरला आईकडे बघत राहिला. तिनं पुढं होऊन त्याच्या हातातली कातर काढून घेतली, जशी तो बापाच्या हातातला पेला काढून घ्यायचा.

दुसऱ्या दिवशी थकवा होताच, जागचा हलला नव्हता. अंगण मात्र बघ्यांनी भरलेलं. चुलता तर पायरी अडवून बसला होता. कातऱ्यानं कुणाकडे पाहिलं नाही. मेंढी घेतली, दुसरी बाजू केली, मधे एकदा थांबला, पुन्हा केली. मेंढी सारखी झाली. कुठं ओरखडा नव्हता. मेहुणा तिच्या कातडीवरून हात फिरवून गुपचूप आपल्या कामाला लागला.

चुलता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मी पहिल्यापासून सांगत होतो. माणसानं पडून राहू नये."

 कातऱ्याला थुंकावंसं वाटलं, पण पिंक टाकणारा घराण्यात एक होता तेवढा पुरे होता.

"खरंय काका," तो म्हणाला. "मग ती लोकर तेवढी उचलून आत न्या."

चारचौघांत नाही कसं म्हणणार. चुलत्यानं ती शेणानं माखलेली, चिकट, गोचिडांनी भरलेली लोकर दोन्ही हातांनी अंगापासून लांब धरली, मान वळवली, नाक मुरडलं आणि तसाच तिरका चालत निघाला. वाटेत त्याला उमासा आला.

कातऱ्या खाटेवर आडवा झाला. अंग दगडासारखं जड झालं होतं. तरी चुलता दाराआड जाईपर्यंत त्यानं डोळे मिटले नाहीत.