फटीतली शीळ

“काढून टाका हो एकदाचा,” खुर्चीत मागे रेलत कवळीवाले काका म्हणाले. “उजवीकडचा, खालचा. झोपू देत नाही मेला.”

डॉक्टरीणबाईंनी तोंडात आरसा फिरवला. “मागे याच्या शेजारचा असाच हट्टाने काढून घेतलात. थांबला ठणका?”

“नाही.”

“मग? हाही अगदी शाबूत आहे. जन्मभर लोकांच्या कवळ्या केल्यात, आता स्वतःची करायची हौस आलीय का?”

काका हसले नाहीत. हसायला जबडा सैल सोडावा लागतो. बाईंनी त्यांच्या गालावर बोटं ठेवली. आत गोट्यासारखी घट्ट गाठ.

“दात किती आवळून धरता, काका! आत्ताही. कशासाठी?”

“सवयच आहे.”

ती अक्काने लावलेली. आई गेली तेव्हा काका एवढेसे, आणि थोरली अक्का तरी कुठे मोठी होती? “रडू आलं ना सोन्या, की दात आवळ,” ती म्हणाली होती. “आपण दोघंही रडत बसलो तर घर कोण बघणार?” अक्काच्या पुढच्या दोन दातांत फट होती. दिवेलागणीला त्या फटीतून ती शीळ घाली. भाऊ असेल त्या गल्लीतून, असेल तो खेळ टाकून धावत येई. यंदा थंडी सरता सरता अक्का गेली. पोचवायला आलेले म्हणाले, भाऊ मोठा धीराचा. काकांनी दात आवळले, ते आवळलेलेच राहिले. ठणका तेव्हापासूनचा.

“बरं, हे काय ते सांगा,” म्हणत बाईंनी ताटलीतली कवळी उचलली. मेणात दात बसवलेली. पक्की करण्याआधी लावून बघायची. “हिच्या आजी येतीलच आता. पुढच्या दातांत ही फट कसली? फोटोत त्यांचे दात तर मोत्यांच्या सरीसारखे आहेत. कुणाचं तोंड केलंत हे?”

काकांनी कवळी हातात घेतली. बघत राहिले. हातांनी परस्पर केलं होतं, त्यांना न विचारता.

“अक्काचं,” ते म्हणाले.

बाईंनी खुर्चीवरचा दिवा मालवला.

“दात राहू दे आज,” त्या हळूच म्हणाल्या. “उद्याही काढाच म्हणालात, तर बघू.”

मागच्या खोलीत, आपल्या कामाच्या टेबलाशी, काकांनी स्पिरिटचा दिवा पेटवला. चाकूचं पातं तापवलं, मेणाला लावलं. मेण मऊ झालं. आता बोटाने जरासं दाबलं की फट मिटणार. बोट पुढे होईना.

त्यांनी कवळी ओठांजवळ धरली आणि शीळ घालून पाहिली. आवळल्या जबड्यातून कुठली शीळ! त्यांनी जबडा सोडला. कळ थेट कानापर्यंत गेली. पुन्हा फुंकर घातली. शीळ आलीच नाही. नुसता वारा आला, आणि त्या वाऱ्यामागून थरथरत, अडखळत, इतके महिने दाताखाली धरलेलं सगळं आलं. मेणावर थेंब पडले. काका पुसत राहिले, थेंब पडत राहिले.

बाहेर आजींचा आवाज आला. “झाली का हो माझी कवळी?”

“आणतो, आजी,” काका म्हणाले.

त्यांनी पातं पुन्हा तापवलं, दोन दात हलकेच जवळ आणले. फट मिटली. कवळी देऊन ते मागच्या दारात येऊन उभे राहिले. गल्लीत दिवे लागत होते. जबडा दुखत होता. तोंड किंचित उघडं ठेवून, कुणी बोलावतंय का ते ऐकत, काका तसेच उभे राहिले.